मयत सेक्रेटरी सभेस हजर होते

खून करायला नौपाडा ही जागा मुळीच सोयीची नाही. एक तर खुनी येणार कशाने? संध्याकाळी गोखले रोडवर गाडी घातली की माणूस जेवायच्या वेळेला मुक्कामी पोचतो, आणि पोचल्यावर गाडी लावायला जागा शोधता शोधता कुणाचा राग आला होता तेच विसरतो. राम मारुती रोडला गाडी लावून चालत यावं तर ती उचलून नेतील, म्हणजे खून करून पळायच्या वेळी पावती फाडत उभं राहायचं. बरं, आला चालत. घंटाळीपासून आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत चार ओळखीची माणसं भेटणार. त्यांतलं एक तरी "काय, आज इकडे कुठे?" असं विचारणार आणि नीट उत्तर मिळाल्याशिवाय सोडणार नाही. पुढे जिना. जिन्यात प्रत्येक मजल्यावर एकेक दार अर्धवट उघडं असतं. विचारलं तर वाऱ्यासाठी म्हणतात. एवढा वारा नौपाड्यात कधी सुटलेला मी पाहिला नाही.

त्यामुळे यंदा कोजागिरीला आमच्या गच्चीवर खून झाला आणि तो खरा की खोटा यावर पोलीस येईपर्यंत एकमत होईना, हे आमच्या डोंबिवलीच्या नातेवाइकांना पटतच नाही. "तुमच्याकडे खुनाला वेळ कुणाला आहे?" म्हणतात.

आमची इमारत तळमजला अधिक तीन. सोळा बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. आजूबाजूच्या बऱ्याच इमारतींना आता पत्रे लागलेत. म्हणजे आतली माणसं भाड्याच्या घरात आणि बाहेर बिल्डरचा हसरा फलक. आमच्याकडे पत्रे लागले नाहीत, कारण आमच्याकडे सेक्रेटरी आहेत. गच्चीवरून पूर्वी येऊरचे डोंगर दिसायचे, आता समोरच्या टॉवरमधल्या लोकांचे वाळत घातलेले टॉवेल दिसतात. चंद्र मात्र टॉवरच्या कडेने अजून येतो, म्हणून कोजागिरी गच्चीवर. दूध, भेळ, अंताक्षरी. अंताक्षरी दरवर्षी 'ळ'वर अडते आणि भांडण होऊन संपते.

यंदा पुण्याहून भाची आली होती. ती एका कंपनीत 'पीपल अँड कल्चर' बघते. पूर्वी याच खात्याला पर्सोनेल म्हणत आणि तिथे रजेचे अर्ज नामंजूर होत. आता नामंजूर करण्याआधी माणसांना खेळ खेळवतात. असाच एक खेळ ती बॅगेत घालून घेऊन आली होती.

"मामा, अंताक्षरी बस झाली. मर्डर मिस्टरी पार्टी करू या."

"कोजागिरीला?" आमची ही स्वयंपाकघरातूनच म्हणाली. "कोण जागं आहे विचारत लक्ष्मी येते आज, आणि तुम्ही तिला मढं दाखवणार?"

"मामी, खोटं मढं. फक्त एक कॉर्प्स लागेल आपल्याला."

"कॉर्पस?" दुसऱ्या मजल्यावरचे बँकवाले काका नेमके दुधाच्या पातेल्याची चौकशी करायला दारात आले होते. "फ्लॅटमागे किती देतोय?"

खेळ तसा जुना आहे. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात इंग्लंडातल्या हॉटेलांत आणि हवेल्यांत सुट्टीला जमलेली माणसं लटका खून करून खुनी शोधत बसायची. अँथनी प्रॅट नावाचा बर्मिंगहॅमचा एक पियानोवादक असल्या हॉटेलांत वाजवायचा. पुढे महायुद्ध आलं, दिवे मालवले गेले, हॉटेलं थंडावली आणि प्रॅट कारखान्यात कामाला लागला. तेव्हा घरबसल्या खून करता यावा म्हणून त्याने एक पट तयार केला, १९४४च्या डिसेंबरात पेटंटचा अर्ज केला, आणि युद्धानंतरच्या टंचाईतून वाट काढत १९४९ साली तो खेळ बाजारात आला. तोच 'क्लूडो'. बाहेर खरे बॉम्ब पडत असताना माणसाला घरात मेणबत्तीदाणीने झालेल्या एका खुनाची काळजी करावीशी वाटली, हे मला फार समजूतदारपणाचं वाटतं.

अशा खेळात खरंच कुणी मेलं तर काय, ही शंकाही लगेच आलेली आहे. अगाथा ख्रिस्तीच्या १९५०च्या 'अ मर्डर इज अनाउन्स्ड'मध्ये गावच्या पेपरात अमुक घरी अमुक वाजता खून होणार अशी जाहिरात येते. शेजारीपाजारी नटूनथटून हजर होतात, दिवे जातात आणि गोळ्या खऱ्या सुटतात. १९५६च्या 'डेड मॅन्स फॉली'त जत्रेतल्या खेळात प्रेताचं काम करणारी मुलगीच मेलेली सापडते. हे मी भाचीला सांगितलं. "मामा, निगेटिव्ह नको ना," असं म्हणून तिने पाकिटांवर नावं घालायला घेतली.

मूळ कथा इंग्रजीत होती. लॉर्ड, त्याची हवेली, द्राक्षांचा मळा. तिचं मराठीकरण माझ्याकडे आलं, कारण मी घरात नुसताच बसलो होतो. लॉर्डचे मी खोत केले, हवेली गुहागरच्या बाजूला नेली, बटलरला दिवाणजीचं पद दिलं, पाद्रीबुवांना कीर्तनकार केलं. तळघरातल्या वाइनशी अडलो. खूप विचार करून तिथे आंब्याची अढी घातली.

नियम सोपे होते. प्रत्येकाला एक पाकीट. त्यात आपण कोण, आपलं गुपित काय, खोतांवर राग कशाचा. चौकशीत सगळ्यांनी खरं बोलायचं. खोटं बोलायची मुभा फक्त खुन्याला, आणि खुनी कोण ते खुन्यालाच ठाऊक.

खोत म्हणजे प्रेत म्हणून सेक्रेटरींची निवड झाली आणि ती बिनविरोध झाली. त्यांच्या सगळ्याच निवडणुका बिनविरोध होतात, पण या वेळी पहिल्यांदाच अनुमोदनाला चौदा हात वर गेले. तरुणपणी त्यांनी हौशी रंगभूमीवर कामं केली आहेत. त्यांनी अटी घातल्या: चटईवर मरणार नाही, घरची गादी लागेल, मृत्यू मध्यभागी हवा, आणि माइक उशाशी असावा. माइक आणि स्पीकर सोसायटीच्या गणपतीचा. चौकशी करणारे इन्स्पेक्टर म्हणून चेअरमनना नेमलं, कारण माइक दुसऱ्या कुणाच्या हातात गेलेला त्यांना बघवत नाही.

गच्चीवर दुधाची दोन पातेली होती. लाल फडक्याचं साखरेचं, हिरव्या फडक्याचं बिनसाखरेचं. आमच्या इमारतीत आता हिरव्या फडक्याची बहुमताकडे वाटचाल सुरू आहे.

साडेसातला सुरू होणारा कार्यक्रम पावणेनऊला सुरू झाला. तोवर भेळेतली चिंचेची चटणी राहिली म्हणून कोणी खाली गेलं, तळमजल्यावरच्या आजींना खुर्चीत बसवून चौघांनी वर आणलं, सेक्रेटरी आठच्या ठोक्याला आपल्या घरी जाऊन आले. पुरीभाजी आणि मसालेभात झाकून ठेवला होता. जेवण चौकशीनंतर, असं भाचीच्या कागदावर होतं आणि त्या कागदापुढे कुणाचं चालेना.

खोतांनी हिरव्या फडक्याचं दूध ओठाला लावलं आणि ते मरू लागले. मरायला त्यांनी भरपूर वेळ घेतला. आधी ठसका, मग छातीवर हात, मग एक स्वगत, जे पाकिटात नव्हतं. शेवटी गादीच्या नेमक्या मध्यावर पडले, धोतराचा सोगा नीट केला आणि गतप्राण झाले. टाळ्या पडल्या. भाचीने एक पेला लाल फडक्याच्या पातेल्यातून काठोकाठ भरला, त्यावर 'विष' अशी चिठ्ठी चिकटवली, खाली 'पुरावा क्र. १' लिहिलं आणि पेला स्टुलावर ठेवला. केशरामुळे त्या दुधाचा रंग जास्त संशयास्पद दिसतो, असं तिचं म्हणणं.

चौकशीला सुरुवात झाली.

"खोतांशी तुमचं वैर कशावरून?" चेअरमननी बँकवाल्या काकांना विचारलं.

"आंब्याच्या बागेवरून," काकांनी पाकिटात बघून सांगितलं. मग पाकीट मिटून खिशात घातलं. "आणि ग्रिलवरून."

"कुठली ग्रिल?"

"माझ्या बाल्कनीची. २०११ साली मला पत्र काढलं, ग्रिल भिंतीबाहेर आली म्हणून काढा. वरच्या मजल्यावरची नऊ इंच बाहेर आहे, तिला पत्र नाही."

"ते पत्र २०१२चं आहे," प्रेत म्हणालं. "जावक क्रमांकासकट फायलीत आहे."

"काका, तुम्ही मेलाय," भाची म्हणाली.

"मेलो म्हणून दप्तर चुकीचं सांगू द्यायचं?"

इथे मला पहिल्यांदा शंका आली की इंग्रजांचा खेळ आपल्याकडे चालायचा नाही. हवेलीत जमलेल्या पाहुण्यांची धड ओळख नसते, म्हणून तिथे प्रत्येकाला खुनाचं कारण छापून द्यावं लागतं. आमच्या गच्चीवर जमलेल्या माणसांना कारण पुरवणं म्हणजे निव्वळ कागदाची नासाडी. सगळ्यांजवळ स्वतःचं होतं, वर्षानुवर्षं मुरलेलं, आणि समोर सेक्रेटरी डोळे मिटून आडवे पडलेले. असा योग पुन्हा कधी यायचा?

तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना कीर्तनकाराच्या बायकोचं काम होतं. त्यांनी मोबाइल काढला आणि छतावरच्या डागाचे गेल्या कित्येक पावसाळ्यांचे फोटो वर्षवार दाखवले. पहिल्या वर्षी डाग चपातीएवढा होता, आता त्यात रत्नागिरी जिल्हा ओळखू येतो. कोपऱ्यातले इंजिनीअर पाण्याच्या पंपाच्या वेळेवर घसरले. पंपाच्या खोलीला सेक्रेटरींनी स्वतःचं कुलूप का घातलं, हा त्यांचा सवाल. मधूनमधून गादीवरून दुरुस्त्या येत होत्या. मग विषय पुनर्विकासावर गेला आणि गच्चीचा नूर पालटला.

हिशेब असा आहे. २०१९च्या शासन निर्णयाप्रमाणे पुनर्विकासाला एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती लागते. सोळांत म्हणजे नऊ. आमच्याकडे आठ आहेत. हे आठ कोण ते सगळ्यांना माहीत आहे, नववं कोण व्हायला तयार आहे तेही माहीत आहे, पण कागद सेक्रेटरींच्या स्टीलच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेला. "सभासदांचा कल स्पष्ट नाही," एवढंच ते दर सभेला म्हणतात. त्या रात्री कल स्पष्ट व्हायला लागला. खोतांना का मारलं, या प्रश्नाला एकेक जण उठून कार्पेट एरिया सांगू लागला.

विजय तेंडुलकरांना एकदा पार्ल्याला अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला निघालेलं एक हौशी मंडळ भेटलं होतं. त्यांच्या गप्पा कानावर पडल्या आणि त्यातून 'शांतता! कोर्ट चालू आहे' उभं राहिलं. १९६७ साली 'रंगायन'ने ते केलं, अरविंद देशपांड्यांचं दिग्दर्शन, बेणारेबाई सुलभा देशपांडे. वेळ घालवायला म्हणून लटका खटला सुरू होतो, आरोप लटका, आरोपी लटकी, आणि बघता बघता सुखात्मे-काशीकर मंडळी त्या बाईच्या खऱ्या आयुष्यावर तुटून पडतात. आपल्या मध्यमवर्गाला खेळ सांगितला की तो खरं बोलतो, एरवी सभाशास्त्र पाळतो, हे तेंडुलकरांनी तेव्हाच ओळखलं होतं. फरक इतकाच की बेणारेबाई तिथे एकटी होती. आमचे आरोपी पंधरा होते, आणि ज्याच्यावर सगळे तुटून पडले होते तो मयत.

"हो, मीच कापलं!" इंजिनीअर माइकमध्ये ओरडले. "आणि वेळ आली तर पुन्हा कापीन!"

ते पंपाच्या खोलीच्या कुलुपाबद्दल बोलत होते. गेल्या मे महिन्यात ते कुलूप करवतीने कापलेलं सापडलं होतं. पण हे संदर्भ गच्चीवर बसलेल्यांना. स्पीकरचं तोंड समोरच्या टॉवरकडे होतं.

आता या कबुलीवर गादीवरून काहीतरी यायला हवं होतं. कुलपाची किंमत, कुलपाची पावती, करवतीचा निषेध. काहीच आलं नाही. मागोमाग वहिनी म्हणाल्या, "गळतीला सोसायटीच जबाबदार." यावर "गळती नव्हे, ओल" हे सेक्रेटरींचं ठरलेलं वाक्य आहे, ते त्यांनी उपनिबंधकांसमोरही म्हटलेलं आहे. तेही आलं नाही. शेरलॉक होम्सच्या एका कथेत रात्री कुत्रं भुंकलं नाही यावरून गुन्हा उलगडतो. मी तुलना करत नाही, पण आठवण झाली.

"काय भूमिकेत शिरलेत!" कुणीतरी कौतुक केलं.

पहिल्या मजल्यावरचे डॉक्टर मात्र उठले. हे खरे डॉक्टर, एमबीबीएस, स्टेशनजवळ दवाखाना. खेळात त्यांना वैद्यबुवांचं काम होतं.

"जरा नाडी बघू द्या त्यांची."

"वा वैद्यबुवा!" चेअरमननी त्यांना हाताने अडवलं. "पुरावा नष्ट करायला निघालात?"

"अहो, खेळ राहू द्या. मी डॉक्टर म्हणून बोलतोय."

"खुनी हेच म्हणेल," बँकवाले काका म्हणाले. सगळ्यांना ते पटलं. नियमच तसा होता: खोटं बोलू शकतो तो एकटा खुनी, आणि आपण खेळाच्या बाहेर आहोत असं म्हणणारा एकटा माणूस डॉक्टर.

डॉक्टर वैतागले. "हे घ्या माझं कार्ड, वाचा, आणि मला सोडा," म्हणत त्यांनी पाकीटच चेअरमनच्या हातात दिलं. चेअरमननी ते माइकवरून वाचलं. "तुम्ही वैद्य आहात. विष तुम्हीच घातलंत. काहीही झालं तरी कबूल करू नका. लोकांची दिशाभूल करत राहा."

गच्चीवर जो जल्लोष झाला तो भारताने वर्ल्ड कप जिंकला तेव्हाही झाला नव्हता. "डॉक्टरकाका, कार्ड दाखवायचं नसतं!" भाची कळवळून म्हणाली. डॉक्टर ओरडून काहीतरी सांगत होते, पण आता ते जितकं तळमळून सांगत तितक्या टाळ्या पडत. राज्य नाट्य स्पर्धेला एंट्री पाठवायला हवी, असं मागून कुणी म्हणालं.

तळमजल्यावरच्या आजी खेळात नव्हत्या. पाकीट देऊ केलं तेव्हा, "मला न वाचता कळतं," म्हणाल्या होत्या. १८९३ साली निघालेल्या आपल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयातून लग्नापासून त्यांनी पुस्तकं आणलीत. त्यांतली बहुतेक सासूबाईंना दाखवायला धार्मिक आणि पदराखाली बाबूराव अर्नाळकर. बाबूरावांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यातले झुंजार आणि काळा पहाड आजींना नातवंडांच्या वाढदिवसांपेक्षा पक्के पाठ आहेत. त्यांची खुर्ची योगायोगाने गादीच्या डोक्याशी होती. त्यांनी पिशवीतला विजेरीचा झोत सेक्रेटरींच्या कपाळावर टाकला.

"मेलेल्याला घाम येत नाही रे," आजी म्हणाल्या.

आवाज मोठा नव्हता, पण माइक उशाशीच होता.

सेक्रेटरींचं कपाळ, मान, सदऱ्याची कॉलर, सगळं निथळत होतं. ओठ हलत होते आणि अस्पष्ट असं काहीतरी येत होतं, बहुतेक ठरावाचा मसुदा. हाताला बारीक कंप होता.

"आठ वाजता हा सुई टोचून घ्यायला खाली गेला," आजी पुढे म्हणाल्या. "माझं दार उघडं होतं वाऱ्यासाठी. गेला तसा पाच मिनिटांत वर आला. मग जेवला कधी?"

"हायपो!" डॉक्टर ओरडले, आणि या वेळी कुणी टाळी वाजवली नाही. इन्सुलिन घेतल्यावर वेळेवर पोटात काही गेलं नाही की रक्तातली साखर उतरत जाते. घाम, कंप, बडबड, आणि तशीच उतरू दिली तर शुद्ध जाते. खोत आठला इन्सुलिन घेऊन, पावणेनऊला बिनसाखरेचं दूध पिऊन मेले होते आणि भाचीच्या कागदाप्रमाणे जेवण चौकशीनंतर होतं. "साखरेचं दूध आणा, लवकर."

लाल फडक्याच्या पातेल्याकडे सगळे धावले. ते रिकामं होतं. चौकशी रंगली तेव्हा हिरव्या फडक्याच्या सभासदांनी अंधारात ते संपवलं होतं. हा गुन्हा अजून कुणी कबूल केलेला नाही. उरला होता स्टुलावरचा पेला.

"तो पुरावा आहे," चेअरमन म्हणाले. सवय असते माणसाला.

"बाजूला हो," आजी म्हणाल्या.

डॉक्टरांनी सेक्रेटरींना पाठीमागून आधार देऊन बसवलं, गिळता येतंय ना ते एका घोटाने पाहिलं. पूर्ण बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही ओतायचं नसतं, ते श्वासनळीत जातं, हे त्यांनी त्याही गडबडीत सगळ्यांना सुनावलं. मग पुरावा क्रमांक एक सेक्रेटरींनी घोटाघोटाने, चिठ्ठीसकट, संपवला. पहिल्या मजल्यावरून ग्लुकोमीटर आला. आकडा ४८. सत्तरच्या खाली गेलं की उतरली म्हणतात. डॉक्टरांनी घड्याळ लावलं, पंधरा मिनिटांनी पुन्हा बोटाला टोचायचं ठरलं, आणि सगळी गच्ची पहिल्यांदाच एका विषयावर एकमताने गप्प बसली.

त्या शांततेत जिन्यावर बुटांचा आवाज आला.

दोन बीट मार्शल होते. एक मिशीवाले, आणि एक माझ्या भाचीच्या वयाची मुलगी. समोरच्या टॉवरमधून ११२ला फोन गेला होता. लाउडस्पीकरवरून कुणीतरी कापल्याची कबुली देतंय आणि वेळ आली तर पुन्हा कापीन म्हणतंय, असा. पूर्वी दूरदर्शनवर 'एक शून्य शून्य' लागायचं, तेव्हापासून आमच्या पिढीला पोलीस म्हणजे शंभर नंबर. टॉवरमधल्यांना मात्र बरोबर ११२ आठवला. या दोघांना गच्चीवर काय दिसलं असेल ते मी त्यांच्या जागी उभं राहून बघायचा प्रयत्न करतो: गादीवर घामाने भिजलेला एक माणूस, त्याच्या हनुवटीवर चिकटलेली 'विष' अशी चिठ्ठी, शेजारी सुई घेतलेला इसम, त्या इसमाचं 'विष तुम्हीच घातलंत' हे कार्ड चेअरमनच्या हातात, आणि कठड्याशी थरथरत उभे असलेले इंजिनीअर.

"इथे खून झालाय असा कॉल आहे," मिशीवाले म्हणाले.

"नाही, नाही," चेअरमननी माइकवरून खुलासा केला. "म्हणजे झाला होता. पावणेनऊला."

"मयत कुठेत?"

गादीवरून एक हात वर आला. "हजर," सेक्रेटरी म्हणाले.

पुढचा अर्धा तास मी भाचीला मानलं. एरवी शंभर जणांच्या कंपनीला खेळवणारी मुलगी, पण तिने त्या दोघांना पाकिटं दाखवून खोत, अढी, वैद्यबुवा अशा क्रमाने सगळं समजावलं. पोलीस मुलगी हसू दाबत ऐकत होती. मिशीवाल्यांचा प्रश्न एकच होता आणि तो त्यांनी पुन्हा पुन्हा विचारला: कापलं काय? शेवटी इंजिनीअरनी खाली नेऊन कुलूप दाखवलं.

"साहेब, तीनशे दोन वगैरे नाही ना लागणार?" बँकवाल्या काकांनी विचारलं.

"तीनशे दोन गेलं काका," मुलगी म्हणाली. "१ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता आली. खुनाला आता एकशे तीन."

"मग तीनशे दोन कशाला?"

"धार्मिक भावना दुखावतील असं मुद्दाम बोललं तर."

आमच्या हिने माझ्याकडे जो कटाक्ष टाकला त्यात लक्ष्मी, मढं आणि कोजागिरी सगळं होतं.

दुसऱ्यांदा टोचलं तेव्हा आकडा ८६ आला. सेक्रेटरींना मसालेभात वाढला. पोलिसांनी दूध घेतलं, दोघांनीही हिरव्या फडक्याचं मागितलं. जाताना, "दहा वाजलेत, स्पीकर बंद करा," एवढं सांगून गेले. चेअरमननी तेही माइकवरून जाहीर केलं.

एवढ्यावर हे संपलं असतं तर मी लिहायला बसलो नसतो. पुढच्याच आठवड्यात फलकावर इतिवृत्त लागलं. दोन पानी, सही-शिक्क्यासह. सुरुवात अशी: 'कोजागिरीनिमित्त गच्चीवर झालेल्या अनौपचारिक सभेस मयत सेक्रेटरी हजर होते. गणसंख्या पूर्ण होती.' पुढे विषयवार नोंदी. ग्रिल: सभासदाने वर्ष चुकीचे सांगितले. ओल (गळती नव्हे): फोटो सादर झाले, प्रती मागवल्या आहेत. पंपाच्या खोलीचे कुलूप: संबंधित सभासदाने ध्वनिक्षेपकावरून कबुली दिल्याने कुलपाची किंमत चालू महिन्याच्या बिलात धरली आहे. गच्ची वापर शुल्क: आयोजकांकडून, म्हणजे माझ्याकडून.

आणि शेवटी: 'विषय क्र. ६. पुनर्विकास. मयतास ठार मारण्यामागील सभासदांचे हेतू विचारात घेता १६पैकी ११ सभासद पुनर्विकासास अनुकूल असल्याचे दिसून आले. हे प्रमाण ५१ टक्क्यांहून अधिक आहे. सबब लेखी संमतीपत्रे घेण्यासाठी विशेष सर्वसाधारण सभा बोलावण्यात येत आहे.'

म्हणजे इतकी वर्षं जे अर्ज-विनंत्यांनी झालं नाही ते खुनाने झालं. पण यात आनंद मानायलाही कुणाला फुरसत नाही, कारण इमारतीत खरा तपास आता सुरू झालाय. कुलपाची कबुली, गळतीची तक्रार, अकरा जणांचे हेतू, हे सगळं घडलं तेव्हा सेक्रेटरींची साखर उतरलेली होती. डॉक्टर शपथेवर सांगतात की त्या अवस्थेत माणसाला इतकं तपशीलवार आठवत नाही. मग त्यांना सांगितलं कुणी? बँकवाल्या काकांचा संशय वहिनींवर आहे. वहिनींचा इंजिनीअरवर. इंजिनीअरनी जिन्यात माझ्याशी बोलणं सोडलंय. भाची रोज पुण्याहून फोन करून पत्ते लावते: कोण कुठे बसलं होतं, कुणाचा मोबाइल चालू होता. तिने माझंही नाव यादीत घातलंय, दिवाणजी म्हणून.

शेवटी मी आजींकडे गेलो. दार उघडंच होतं. समोर सेक्रेटरींचंही दार तसंच उघडं, आत त्यांची बायको खुर्चीत बसून शेंगा सोलत होती. बिचाऱ्यांना तीन मजले चढवत नाहीत, म्हणून कोजागिरीलाही त्या खालीच होत्या. सेक्रेटरी आठला सुई घेऊन गेले ते वर जेवतीलच, अशी त्यांची समजूत होती.

"आजी," मी आवाज खाली घेऊन विचारलं, "फुटलं कुणाकडून हो?"

आजींनी पुस्तकातून डोकं वर काढलं नाही. "तिचे गुडघे दुखतात," त्या म्हणाल्या. "कान नाही."